नीटच्या सराव पेपरात दोन तासांनंतर लक्ष का उडतं आणि दर रविवारी मार्क वेगळे का येतात

विचारणारी विद्यार्थिनी मूळची नांदेडकडची आहे. लातूरला होस्टेलवर राहून नीटचं, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीचं, दुसरं वर्ष करते आहे. शेवटच्या चार पूर्ण सराव पेपरांत तिला ७२० पैकी ५६५, ४८०, ५४० आणि ४५५ मार्क पडले. ती आधी बायो सोडवते, त्याला साधारण ७० मिनिटं लागतात. मग केमिस्ट्रीला ५० मिनिटं, शेवटी फिजिक्स, आणि ओएमआर, म्हणजे उत्तरांचे गोळे भरायचा कागद, अखेरच्या २० मिनिटांत. तिचा प्रश्न असा: "पहिले दोन तास छान जातात. त्यानंतर प्रश्न वाचते, पण डोक्यात काही शिरत नाही. एकाग्रता कशी वाढवू? रोज एक फुल पेपर द्यायला लागू का?"

मी फिजिक्स शिकवते आणि सराव पेपर झाल्यावर मुलांच्या शेजारी बसून त्यांचे पेपर पानापानाने तपासते. त्या कामातून जे कळलंय ते सविस्तर लिहिते. हा प्रश्न दरवर्षी याच शब्दांत कुणीतरी विचारतंच.

आधी तुझेच आकडे मांडू. बायोची ७० आणि केमिस्ट्रीची ५० मिनिटं मिळून बरोबर १२० झाली, म्हणजे दोन तास. पेपर तीन तासांचा, त्यामुळे राहिलेल्या ६० मिनिटांतली २० ओएमआरला. फिजिक्सच्या ४५ प्रश्नांना उरली ४० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम ५३ सेकंद. गणित करायचं, एककं जुळवायची, पर्यायाशी ताडायचं, हे सगळं ५३ सेकंदांत. तू म्हणतेस दोन तासांनंतर लक्ष उडतं. पण दोन तासांनंतरच तुझा फिजिक्सचा भाग सुरू होतो, तोही अपुऱ्या वेळात. मग लक्ष उडतंय ते मेंदू थकल्यामुळे, की घाईमुळे, की फिजिक्समुळे? तुझ्या सध्याच्या पद्धतीत ही तिन्ही कारणं एकाच जागी येऊन पडली आहेत, त्यामुळे बाहेरून ती सारखीच दिसतात. उपाय मात्र तिन्हींवर वेगळे आहेत. थकवा असेल तर झोप, जेवण आणि बसण्याची सवय बघावी लागेल. घाई असेल तर बायोतला वेळ कापावा लागेल. फिजिक्सच कच्चं असेल तर एकाग्रतेचे कितीही व्यायाम केलेस तरी मार्क वाढणार नाहीत.

हे वेगळं काढायला एक सोपी चाचणी आहे. पुढच्या दोन पूर्ण पेपरांत क्रम उलटा कर: आधी फिजिक्स, मग केमिस्ट्री, शेवटी बायो. बाकी काहीही बदलू नकोस. जागा तीच, वेळ तीच, जेवण तेच. आता बघ, पडझड कुठे होते. शेवटच्या तासात बायोतले नेहमी बरोबर येणारे प्रश्न चुकायला लागले, तर तो खरा थकवा. बायो नेहमीसारखंच गेलं आणि पहिल्याच तासात ताज्या डोक्याने सोडवूनही फिजिक्स अडलं, तर अडचण फिजिक्सच्या तयारीत आहे. फिजिक्स सुधारलं आणि बायोही टिकलं, तर आजवर तुला फक्त वेळ कमी पडत होता. एका पेपरावरून निष्कर्ष काढू नकोस, निदान दोन तरी दे. हा क्रम कायमचा नाही, फक्त निदानापुरता आहे. मार्क कमी आले तर घाबरू नकोस.

पेपर चालू असताना दर ३० प्रश्नांनंतर प्रश्नपुस्तिकेच्या समासात घड्याळातली वेळ टाक. फक्त २:१७, २:३६ असं, दोन सेकंदांचं काम. नंतर या नोंदींवरूनच कळतं की वेळ नक्की कुठे गेला. "केमिस्ट्रीला ५० मिनिटं लागतात" असं मुलं सांगतात. नोंद बघितली की दिसतं, पहिले ३० प्रश्न २४ मिनिटांत झालेत आणि पुढच्या १५ प्रश्नांनी २६ मिनिटं खाल्लीत, त्यातले दोन तर सुटलेलेही नसतात.

आता मार्कांच्या चढउताराबद्दल. तुझी सरासरी ५१० आहे, आणि सर्वांत जास्त व सर्वांत कमी यांत ११० चा फरक. नीटमध्ये बरोबर उत्तराला ४ आणि चुकीला उणे १, म्हणजे एक प्रश्न बरोबरवरून चुकीकडे गेला की ५ मार्कांचा फरक पडतो. ११० मार्क म्हणजे २२ प्रश्न. यातला काही भाग कुणाच्याच हातात नसतो. पेपरात तुझ्या आवडीच्या धड्यांतून दोन प्रश्न जास्त आले, दोन अंदाज लागले किंवा फसले, एवढ्यानेही पाच-सहा प्रश्न इकडचे तिकडे होतात. सरासरीच्या वर-खाली २०-२५ मार्कांचं हलणं मी तरी नैसर्गिक धरते. त्यावर रडायचंही नाही आणि त्यावर खूशही व्हायचं नाही.

दुसरा भाग पेपरच्या काठिण्याचा. वेगवेगळ्या क्लासच्या टेस्ट सिरीज एका पट्टीने मोजता येत नाहीत. खुद्द नीटचंच बघ. २०२४ च्या सुधारित निकालात १७ जणांना ७२० पैकी ७२० होते. २०२५ मध्ये फिजिक्स इतकं अवघड निघालं की देशात पहिल्या आलेल्याला ६८६ मिळाले. म्हणून ५६५ नंतर ४८० आले की "मी घसरले" असं लगेच म्हणू नकोस. त्या पेपरात तुझ्या बॅचमधल्या मुलांचे मार्क साधारण किती उतरले ते बघ. सगळ्यांचे ६० उतरले आणि तुझे ८५, तर तुझा खरा प्रश्न २५ मार्कांचा आहे.

पट्टी हवी असेल तर मागच्या वर्षांचे खरे पेपर वापर, पण ते आताच्या स्वरूपात बसवून. २०२१ ते २०२४ या वर्षांत २०० प्रश्न असत आणि त्यातले १८० सोडवायचे असत, कारण प्रत्येक विभागाच्या ब भागात १५ पैकी १० ची निवड होती. २०२२ पासून वेळही २०० मिनिटांची होती. २०२५ पासून निवड गेली, १८० प्रश्न आणि १८० मिनिटं झाली. त्यामुळे ते जुने पेपर सोडवताना ब भागातले पहिले दहाच प्रश्न घे आणि वेळ १८० मिनिटंच लाव. निवडीसकट आणि २०० मिनिटांत सोडवलेल्या पेपरचे मार्क आज तुला खोटा दिलासा देतील.

राहिलेला चढउतार तुझ्या हातातला आहे, आणि माझं या विषयातलं मुख्य म्हणणं इथेच येतं. पेपरात लक्ष टिकतं ते जोर लावून नाही. आत बसून घ्यावे लागणारे निर्णय जितके कमी, तितकं ते जास्त टिकतं. हा सोडू का? अजून एक मिनिट देऊ का? अंदाज मारू का? ओएमआर आत्ता भरू की नंतर? फिजिक्सकडे वळू का? प्रत्येक निर्णय थोडं थोडं लक्ष खातो आणि प्रत्येक पेपरात तू तो वेगळा घेतेस, म्हणून मार्कही वेगळे येतात. हे सगळे निर्णय घरी, शांतपणे, कागदावर घेऊन ठेवायचे आणि पेपरात फक्त पाळायचे.

पहिला निर्णय वेळेचा. ओएमआर भरण्यासकट बायोला ५५ मिनिटं, केमिस्ट्रीला ५०, फिजिक्सला ६०, आणि शेवटची १५ दुसऱ्या फेरीला. दोनला सुरू झालं तर बायो २:५५ ला संपलं पाहिजे. बायोचे दोन प्रश्न उरले असले तरी २:५५ ला पान उलटायचं. हे सांगायला सोपं आणि करायला फार जड जातं, कारण बायोचा प्रश्न "आत्ता आठवेल" असं वाटत राहतं. आठवायचा असेल तर तो दुसऱ्या फेरीतही आठवतो. उलट मधल्या वेळात दुसरं काही करत असताना तो जास्त सहज वर येतो.

७० मिनिटांचं बायो ५५ वर कसं आणायचं? भराभर वाचून नाही. तुझ्यासारख्या मुलांचा बायोतला वेळ दोन ठिकाणी जातो. एक, उत्तर मिळाल्यावरही चारही पर्याय पुन्हा तपासण्यात. दोन, जोड्या लावा आणि विधानांच्या प्रश्नांत. जोड्यांचा प्रश्न घे. एका बाजूला ऑक्झिन, जिबरेलिन, सायटोकायनिन, इथिलीन आणि दुसऱ्या बाजूला त्यांची कामं. बरीच मुलं ऑक्झिनपासून सुरू करून चारही जोड्या लावतात आणि मग पर्याय बघतात. तसं करू नकोस. ज्याची सर्वांत खात्री आहे ते आधी धर. इथिलीन म्हणजे फळ पिकणं, यात कुणालाच शंका नसते. आता ही जोडी नसलेले पर्याय खोड, बहुतेक वेळा दोन उडतात. उरलेल्या दोन पर्यायांत फरक कुठे आहे तेवढंच बघ. समजा तो जिबरेलिनपाशी आहे, तर खोडाची लांबी वाढणं कुठे लावलंय ते शोध आणि पुढे जा. ऑक्झिन आणि सायटोकायनिन बघायची गरजच पडली नाही. असा एक प्रश्न दीड मिनिटावरून ४० सेकंदांवर येतो, आणि पेपरात असे बरेच असतात.

विधानांच्या प्रश्नातही हीच रीत. पाचपैकी एक विधान नक्की चूक माहीत असेल तर ते ज्या पर्यायांत आहे ते सगळे बाद. आणि "अयोग्य", "चुकीचे", "वगळता" हे शब्द दिसले की पेनने त्याभोवती चौकोन काढायचा. डोक्यात लक्षात ठेवायचं नाही, कागदावर चौकोन काढायचा. थकलेला डोळा "योग्य विधान ओळखा" हेच वाचतो, कारण आधीचे दहा प्रश्न तसेच होते.

दुसरा निर्णय सोडून देण्याचा. फिजिक्स आणि केमिस्ट्रीतल्या गणितांसाठी मी हा नियम देते: प्रश्न वाचून २५ सेकंदांत कोणतं सूत्र किंवा कोणती कल्पना लागणार हे कळलं नाही, तर प्रश्नाच्या क्रमांकावर फुली मारून पुढे. कळलं, मांडलं, पण दीड मिनिटात उत्तर पर्यायात बसलं नाही, तर क्रमांकाभोवती गोल करून पुढे. दुसऱ्या फेरीत आधी फक्त गोलवाले घ्यायचे. फुलीवाले वेळ उरला तरच.

हा नियम एवढा काटेकोर का? कारण अडलेला प्रश्न फक्त स्वतःची चार मिनिटं खात नाही. पुढच्या दोन-तीन प्रश्नांतही तो डोक्यात घोळत राहतो. तुझ्या जुन्या पेपरांत मोठ्या अडलेल्या प्रश्नाच्या लगेच पुढचे तीन प्रश्न तपास. तिथे सोप्या चुका दाटीने दिसतील. उणे चिन्ह राहिलं, सेंटिमीटरचं मीटर केलं नाही, व्यास आणि त्रिज्येची गल्लत झाली. मुलं याला सिली मिस्टेक म्हणून सोडून देतात, पण तिचं कारण आधीच्या पानावर असतं. ठरलेल्या वेळी सोडलेला प्रश्न मागे राहतो. अर्धवट झगडून, चिडून सोडलेला प्रश्न सोबत येतो.

फिजिक्समध्ये दिलेली माहिती हाताने लिहायची सवय ठेव, विशेषतः शेवटच्या तासात. वस्तुमान इतकं, वेग इतका, काय काढायचं. पाच सेकंद जातात. पण "वाचते पण शिरत नाही" यावर माझ्या अनुभवात याहून चांगला तात्काळ उपाय नाही. डोळे ओळीवरून नुसते घसरत असतात, पण लिहिताना हात थांबतो आणि त्याच्याबरोबर वाचनही थांबून नीट होतं. तोच प्रश्न तिसऱ्यांदा वाचते आहेस असं लक्षात आलं, की वाचन बंद आणि लिहायला सुरुवात. लिहूनही काही सुचत नसेल तर फुली.

अंदाजाचा नियम गणिताने ठरव. काहीच माहीत नसताना चारपैकी एका पर्यायावर खूण केली, तर दीर्घकाळात सरासरी पाव मार्काचा फायदा, म्हणजे जवळजवळ शून्य. एक पर्याय बाद करता आला तर सुमारे ०.६७, दोन बाद झाले तर दीड मार्क. म्हणून दोन पर्याय ठामपणे बाद झाले तर भरायचं, नाहीतर रिकामं. निव्वळ अंदाजाने सरासरी बिघडत नाही, पण मार्क वर-खाली फार होतात, आणि तुला नेमकं तेच नको आहे. उत्तर बदलण्याचंही तसंच. प्रश्न चुकीचा वाचला होता किंवा एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकातली ओळ स्पष्ट आठवली, असं सांगता येण्यासारखं कारण असेल तरच बदल. "काहीतरी वेगळं वाटतंय" हे कारण नाही. बदललेल्या प्रश्नापुढे पुस्तिकेत खूण कर आणि पाच पेपरांनंतर मोज, बदल केल्याने किती मिळाले आणि किती गेले. हे माणसागणिक वेगळं असतं. कुणाला बदलण्याचा फायदा होतो, कुणाला तोटा, आणि तुझं काय ते तुझ्याच पेपरावरून कळेल.

ओएमआरबद्दल मला जरा आग्रहाने सांगायचं आहे. एक गोळा नीट भरायला चार-पाच सेकंद लागतात. १८० गोळ्यांना १२ ते १५ मिनिटं. हे काम तू शेवटच्या २० मिनिटांत ठेवतेस, म्हणजे डोकं सर्वांत थकलेलं असताना आणि बाहेर जायची घाई असताना. ९७ चं उत्तर ९८ च्या ओळीत गेलं की पुढची रांगच सरकते. पेनने भरलेला गोळा खोडता येत नाही. शिवाय शेवटची २० मिनिटं ओएमआरला जाणार हे माहीत असल्याने तू फिजिक्स सोडवताना सतत घड्याळाकडे बघत असणार.

त्याऐवजी समोरची दोन पानं सोडवून झाली की त्या पानांचे गोळे भर. पुस्तिकेत उत्तराच्या पर्यायावर आधी ठळक खूण, मग गोळा. सोडलेल्या प्रश्नाच्या ओळीपाशी थांबून क्रमांक मनात म्हण, कारण रांग सरकते ती नेहमी सोडलेल्या प्रश्नापाशीच. प्रत्येक दहाव्या क्रमांकाला पुस्तिका आणि ओएमआर जुळतात का बघ. या पद्धतीचा आणखी एक फायदा आहे. गोळे भरताना विचार करावा लागत नाही, त्यामुळे दर काही मिनिटांनी डोक्याला आपोआप विसावा मिळतो. फिजिक्समध्ये पानं लवकर संपत नाहीत, तिथे उत्तर आलं की लगेच भरलेलं बरं.

सराव मोबाईलवर करत असशील तर पूर्ण पेपरासाठी तो बंद कर. स्क्रीनवर टिचकी मारायला अर्धा सेकंद लागतो, म्हणजे तुला १०-१३ मिनिटं फुकट मिळतात आणि परीक्षेत ती नसतात. छापील पेपर, छापील ओएमआर आणि काळं बॉलपेन. परीक्षेत पेन केंद्रावरच मिळतं, म्हणून आवडत्या जेल पेनाचीही सवय नको. रफ काम पुस्तिकेतल्या मोकळ्या जागेतच करायचं असतं, त्यामुळे सरावाला वेगळी वही घेऊ नकोस. वहीवर ऐसपैस गणित करणारी मुलं पुस्तिकेच्या चिंचोळ्या जागेत आकडे एकमेकांत मिसळतात. मनगटी घड्याळ परीक्षेत चालत नाही. सरावालाही ते काढून ठेव आणि भिंतीवरचं घड्याळ वापर, तेही अगदी समोर नसलेलं.

मधल्या विश्रांतीचाही वेळ आधीच ठरवून ठेव. बायो संपल्यावर आणि केमिस्ट्री संपल्यावर पेन खाली, अर्धा मिनिट. लांब भिंतीकडे बघायचं, खांदे सैल सोडायचे, दोन घोट पाणी. थकवा जाणवल्यावर थांबू असं ठरवलंस तर थांबणारच नाहीस, कारण तेव्हा वेळ कमी पडल्यासारखं वाटत असतं.

शरीराचं थोडक्यात, पण हे टाळू नकोस. नीट दुपारी दोन ते पाच असते. होस्टेलवर रात्री दीड-दोनपर्यंत वाचून दुपारी जेवणानंतर दोन तास झोपायची पद्धत फार आहे. म्हणजे वर्षभर शरीराला शिकवायचं की दोन ते चार ही झोपेची वेळ, आणि मग त्याच वेळी पेपर द्यायचा. ही सवय परीक्षेच्या निदान सहा आठवडे आधी मोड. रात्री साडेअकराच्या आत झोप, दुपारी दोन ते पाच या वेळात रोज बसून प्रश्न सोडवणं, धडा वाचणं नव्हे. केंद्राचं दार दीडला बंद होतं आणि तपासणीसाठी त्याआधी बराच वेळ पोचावं लागतं, म्हणून जेवण ११-११:३० ला उरकावं लागेल. सराव पेपराच्या दिवशीही त्याच वेळी जेव. पोळी-भाजी, थोडा वरण-भात, एवढं पुरे. मेसमध्ये रविवारी गोडाधोडाचं असतं, ते रात्रीसाठी ठेव. चहाची सवय असेल तर रोजच्याच वेळी आणि रोजचाच कप, पेपर आहे म्हणून जास्तीचा नको. परीक्षा मे महिन्यात, मराठवाड्यात तेव्हा पारा चाळिशीच्या पुढे असतो आणि वर्गातला पंखा तुझ्या बाकावर वारा देईलच असं नाही. शेवटच्या महिन्यातले दोन-तीन पेपर कूलर नसलेल्या खोलीत देऊन बघ. पाळीच्या दिवसांत सराव पेपर आला तर तो शक्यतो टाळू नकोस. त्या दिवशी काय खाल्लं की बरं वाटतं, बसायला काय सोयीचं पडतं हे आधी माहीत असलेलं चांगलं. मात्र वेदना फार असतील तर डॉक्टरांना आत्ताच दाखव, एप्रिलपर्यंत थांबू नकोस.

रोज पूर्ण पेपर देऊ का, याचं माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. तीन तासांच्या पेपराला नीट विश्लेषण करायचं तर चार-पाच तास लागतात. रोज पेपर दिलास तर विश्लेषण होणारच नाही आणि त्याच चुका दर दिवशी पक्क्या होत जातील. आत्ता आठवड्याला एक, फार तर दोन. शेवटच्या महिन्यात तीनपर्यंत. शेवटचे तीन-चार दिवस पूर्ण पेपर नको. मधल्या दिवसांत बसण्याची ताकद वाढवायला छोटे तुकडे घे: तिन्ही विषयांचे मिळून ६० प्रश्न, ६० मिनिटं, फोन दुसऱ्या खोलीत. ते स्थिर झालं की ९० प्रश्न, ९० मिनिटं. एरवी अभ्यास करताना दर १५ मिनिटांनी फोन हातात घेणाऱ्याला फक्त रविवारी तीन तास बसणं जमणार नाही. हे फक्त पेपराच्या दिवशी सुधारता येत नाही.

विश्लेषण करताना बरोबर उत्तरांची यादी लगेच उघडू नकोस. चुकलेले आणि सोडलेले प्रश्न आधी वेळ न लावता पुन्हा सोडव. जे आता सुटले ते वेगळे काढ. ते तुझ्या आवाक्यातले होते आणि पेपराच्या पद्धतीमुळे गेले. जे आताही सुटले नाहीत तो अभ्यासाचा भाग. मग सुटलेल्यांपैकी प्रत्येकाच्या पुढे लिही: वाचनाची चूक, आकडेमोडीची चूक, वेळ कमी पडला, की आठवलं नाही. समासातल्या वेळांच्या मदतीने ती चूक कोणत्या अर्ध्या तासात झाली तेही लिही. वाचनाच्या चुका चारनंतर वाढत असतील तर थकवा. पूर्ण पेपरभर सारख्या पसरल्या असतील तर ती वाचायची सवयच तशी आहे आणि ती अडीच वाजताही तेवढीच महाग पडते.

क्रमाबद्दल शेवटी माझं मत. चाचणीत थकवा किंवा घाई हे कारण निघालं, तर मी तुला बायो, फिजिक्स, केमिस्ट्री असा क्रम सुचवेन. बायोने हात मोकळा होतो, फिजिक्स २:५५ ला सुरू होतं, तेव्हा डोकं अजून ताजं असतं आणि समोर पूर्ण ६० मिनिटं असतात. केमिस्ट्रीत इनऑरगॅनिकचे आणि माहितीचे प्रश्न असतात, ते थकल्यावरही निघतात. पण हा क्रम सगळ्यांना लागू नाही. फिजिक्स मधे घेतल्यावर त्याला ६० ऐवजी ८० मिनिटं देऊन बसणारी मुलं असतात, त्यांनी ते शेवटीच ठेवावं आणि फक्त वेळ वाढवून घ्यावा. काहीही ठरवलंस तरी निदान पाच पेपर तेच ठेव, आणि एका वेळी एकच गोष्ट बदल. क्रम, ओएमआरची रीत आणि झोप एकाच आठवड्यात बदललीस तर कशाने फरक पडला हे कधीच कळणार नाही.

पेपर अवघड निघाला तर काय करायचं हेही लिहून ठेव. फिजिक्सचे सलग पाच प्रश्न फुलीत गेले तर सहावा वाचायचा, बस. २०२५ च्या पेपरात असंच झालं होतं. किती सुटले, किती मार्क होतील, हे मधेच मोजायचं नाही. ती बेरीज पाचनंतर.

वेळ पुरेसा मिळाला, झोप पुरी झाली, क्रम बदलून पाहिला, आणि तरीही शब्द दिसतात पण शिरत नाहीत असं होत असेल, तर आधी डोळे तपासून घे. चष्म्याचा नंबर बदललेला असला की तासाभराच्या वाचनानंतर नेमकं असंच होतं, आणि मुलं ते महिनोन्‌महिने एकाग्रतेवर ढकलतात. पेपराच्या आदल्या रात्री झोपच न येणं, छातीत धडधडणं, प्रश्नपुस्तिका हातात आली की हात गार पडणं असं असेल, तर ते एकटीने सोसू नकोस. घरी सांग, क्लासमध्ये विश्वासाच्या शिक्षकांना सांग. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी असलेल्या टेली-मानसचा सरकारी क्रमांक १४४१६ आहे. तो चोवीस तास चालतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. तिथे मराठीतही बोलता येतं.